वसुंधरा दिन परीक्षेतच का येतो?

शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गात आम्ही पर्यावरणविषयक दिनांबद्दल बोलत होतो. ५ जून, १६ सप्टेंबर, २२ एप्रिल अशी यादी फळ्यावर लिहून झाली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका बाईंनी हात वर केला. "सर, हे दिवस ठरवणाऱ्यांना शाळा कधी असते याची कल्पना नव्हती का? २२ एप्रिलला मुले वार्षिक परीक्षेत अडकलेली असतात आणि ५ जूनला आमच्याकडे शाळाच उघडलेली नसते. मग आम्ही हे दिवस साजरे करायचे ते कोणाबरोबर?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुढे त्याचा माग काढताना एक गमतीची गोष्ट कळली. २२ एप्रिल ही तारीख परीक्षा टाळण्यासाठीच निवडली गेली होती. आणि ती ज्यांच्या परीक्षेत आलीच, त्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सरळ तारीख बदलून टाकली. त्यांचा सोहळा पहिल्या वसुंधरा दिनाच्या सहा आठवडे आधीच पार पडला. तो कसा झाला आणि त्यातून काय उरले, याचा हा इतिहास आहे.

तेलाचा तवंग आणि एक सिनेटर

२८ जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सांता बार्बारा गावासमोरच्या समुद्रात, युनियन ऑइल कंपनीच्या एका तेलविहिरीतून तेलाचा लोंढा उसळला. अंदाजे ८० हजार ते १ लाख पिंपे तेल समुद्रात पसरले. एका पिंपात सुमारे १५९ लीटर तेल मावते, हे ध्यानात घेतले म्हणजे आकाराची कल्पना येईल. तेलाने माखलेले, उडता न येणारे समुद्रपक्षी त्या वर्षी घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसले.

त्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन हा किनारा पाहायला गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांच्या वाचनात विद्यापीठांमधल्या 'टीच-इन'विषयी एक लेख आला. पर्यावरणासाठीही असेच काही का करू नये, असे त्यांच्या मनात आले. २० सप्टेंबर १९६९ रोजी सिअ‍ॅटल येथील भाषणात त्यांनी पुढच्या वसंतात देशभर पर्यावरणाचे 'टीच-इन' घ्यावे, अशी कल्पना जाहीर केली.

हे 'टीच-इन' म्हणजे काय? मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील काही प्राध्यापकांना व्हिएतनाम युद्धाचा निषेध करायचा होता. आधी त्यांनी एक दिवस शिकवणे बंद ठेवण्याचा विचार केला. त्यावर बराच गदारोळ झाला. तेव्हा मार्शल सालिन्स या मानववंशशास्त्रज्ञाने वेगळी युक्ती सुचवली. शिकवणे बंद करण्याऐवजी जास्तच शिकवू या! त्यानुसार २४ मार्चच्या संध्याकाळी सुरू झालेली व्याख्याने आणि चर्चा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालल्या. सुमारे ३,००० जण आले. आपल्याकडे देवीचा जागर असतो, तसा हा ज्ञानाचा जागर. यापुढे आम्ही त्याला जागरच म्हणू.

नेल्सन यांच्या मोहिमेचे संयोजन डेनिस हेझ या २५ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे आले. दिवस ठरला २२ एप्रिल १९७०. कारण साधे होते. बहुतेक महाविद्यालयांची वसंतातली सुटी तोवर संपलेली असे आणि सत्रपरीक्षा सुरू व्हायच्या असत. शिवाय तो बुधवार होता, म्हणजे विद्यार्थी आवारातच सापडणार. या तारखेमागे ना कुणाची जयंती, ना खगोलशास्त्रातली एखादी घटना. ती आली वेळापत्रकातून.

मिशिगनचा मार्च

पण अ‍ॅन आर्बर या गावातल्या मिशिगन विद्यापीठाचे वेळापत्रक निराळे होते. तिथले सत्र लवकर संपे, त्यामुळे २२ एप्रिल नेमका परीक्षेच्या दिवसांत येत होता. तिथे १९६९ च्या शरदातच विद्यार्थ्यांनी एक गट उभा केला होता. 'एनव्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन फॉर सर्व्हायव्हल' या नावाच्या या गटाला सगळे 'एनॅक्ट' म्हणत. डग स्कॉट आणि डेव्हिड अ‍ॅलन हे पदव्युत्तर विद्यार्थी त्यात पुढे होते. त्यांनी देशाच्या तारखेची वाट पाहिली नाही. आपला जागर त्यांनी ११ ते १४ मार्च १९७० असा चार दिवसांचा ठेवला.

या चार दिवसांत सुमारे ५०,००० लोकांनी भाग घेतला. उद्घाटन विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या बंदिस्त क्रीडागारात झाले आणि सुमारे १४,००० जणांनी ते भरून गेले. राज्याचे गव्हर्नर विल्यम मिलिकन आले, नेल्सन आले, गायक आले. आणि आले बॅरी कॉमनर.

कॉमनर यांची थोडी ओळख करून द्यायला हवी, कारण शिक्षकांना त्यांचे एक काम विशेष आवडेल. ते सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात वनस्पतींच्या शरीरक्रियांचा अभ्यास करत. १९५० च्या दशकात अमेरिका आणि सोव्हिएत संघ उघड्या हवेत अणुचाचण्या करत होते. त्यांतून उडालेले स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या शरीरात जात होते. स्ट्रॉन्शियम हे रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचे भाऊबंद, त्यामुळे शरीर त्याला हाडांत आणि दातांत जागा देते. मग मोजायचे कसे? मुलांचे दुधाचे दात तर आपोआपच पडतात! १९५८ पासून कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट लुइस परिसरातील मुलांकडून पडलेले दात मागवायला सुरुवात केली. डॉ. लुईज रीस यांनी पहिली काही वर्षे हे काम चालवले. एकूण सुमारे तीन लाख दात जमले. चाचण्या वाढल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढल्याचे दिसले. वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला, त्यामागच्या लोकमतात या दातांचाही वाटा होता. शाळकरी पोरेही विज्ञानाला खरी सामग्री पुरवू शकतात, हा धडा त्यातून मिळाला होता.

मिशिगनच्या जागराकडे परत येऊ. तिथे नुसती भाषणे नव्हती. विद्यापीठाच्या चौकात एका जुन्या फोर्ड मोटारीवर खटला भरण्यात आला आणि दोषी ठरवून तिला घणांनी फोडण्यात आले. एका शीतपेयाच्या कारखान्यासमोर विद्यार्थ्यांनी हजारो रिकामे डबे नेऊन ओतले. त्या काळात तिथल्या कंपन्या अनामत घेऊन परत घ्यायच्या काचेच्या बाटल्या बंद करून फेकून द्यायचे डबे आणत होत्या. 'तुमचे डबे तुम्हीच घ्या' असा विद्यार्थ्यांचा रोख होता. सोडावॉटरची रिकामी बाटली परत करून अनामत घेणाऱ्या आपल्या पिढीला हे सांगायला नको. आता आपल्याही गल्लीत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा खच पडलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पुरलेली मोटार

इथे एक कटू प्रसंगही सांगितला पाहिजे. मिशिगनच्या आदल्याच महिन्यात, फेब्रुवारी १९७० मध्ये, कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी महाविद्यालयात असाच मेळावा झाला. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून सुमारे अडीच हजार डॉलरची एक कोरी मोटार विकत घेतली आणि महाविद्यालयाच्या आवारात खड्डा खणून पुरली. धुराचा निषेध म्हणून! छायाचित्रे देशभर झळकली. पण तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने या प्रकाराला विरोध केला. आमच्या वस्त्यांमध्ये लोकांना पोटभर मिळत नाही आणि तुम्ही एवढे पैसे मातीत घालता, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

मिशिगनमध्येही हा प्रश्न उभा होता. पर्यावरणाचा जागर संपून आठवडाही उलटला नव्हता, तोच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा मोठा संप सुरू झाला. विद्यापीठातले त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत न्यावे, ही त्यांची मागणी होती. संपापुढे विद्यापीठाला त्या दिशेने आश्वासन द्यावे लागले. स्वच्छ हवेसाठी हजारोंनी जमलेल्या त्याच आवारात, मुळात या आवारात येणार कोण, हा प्रश्न विचारला गेला.

आम्हाला वाटते, पर्यावरणाच्या कोणत्याही उत्सवाची ही पहिली कसोटी आहे. तो पाहणाऱ्यांपैकी सर्वांत गरीब माणसाला तो कसा दिसतो? हजार फुगे सोडून 'प्लास्टिक टाळा' म्हणणारा कार्यक्रम आणि पुरलेली मोटार यांत फरक फक्त किमतीचा आहे.

२२ एप्रिल १९७० चा दिवस देशभर पार पडला. सुमारे दोन कोटी लोकांनी, हजारो शाळांनी आणि सुमारे दोन हजार महाविद्यालयांनी त्यात भाग घेतला, असा तेव्हाचा अंदाज आहे. डिसेंबरमध्ये अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि वर्षअखेरीस स्वच्छ हवेचा नवा कायदा आला. ही सगळी एका दिवसाची करणी होती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रेचेल कार्सन यांच्या १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकापासून जमीन तयार होत होती. पण लोकमताचे वजन किती, हे त्या दिवशी राज्यकर्त्यांना दिसले. दोन दशकांनी, १९९० मध्ये, हा दिवस १४० हून अधिक देशांत पोचला.

मांडव उतरल्यावर

आता खरा प्रश्न. मांडव उतरल्यावर मागे काय राहिले? अ‍ॅन आर्बरपुरते पाहू.

पहिली गोष्ट रद्दीची. जागरातल्या कार्यकर्त्यांनी १९७० सालीच 'इकॉलॉजी सेंटर' नावाची संस्था काढली. लोकांनी काच, कागद आणि डबे आणून द्यायचे, संस्थेने ते पुनर्वापरासाठी पाठवायचे. १९७८ मध्ये घरांसमोरून असा माल गोळा करणे सुरू झाले. पन्नास वर्षे उलटली तरी ती संस्था चालू आहे. १९७६ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी पेयांच्या बाटल्या आणि डबे यांवर दहा सेंट अनामत घेण्याचा कायदा सार्वमताने मंजूर केला. कारखान्यासमोर डबे ओतणे ही सहा वर्षांपूर्वीची नुसती थट्टा ठरली नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती थेट आपल्या दारापर्यंत येते. मिशिगन विद्यापीठात जोसेफ सॅक्स नावाचे कायद्याचे प्राध्यापक होते. जागराच्या काही आठवडे आधी, १९७० च्या आरंभी, त्यांचा एक दीर्घ लेख विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात आला. त्यातला विचार मुळात रोमन कायद्याइतका जुना. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या सर्वांच्या मालकीच्या वस्तू आहेत. सॅक्स यांनी मांडले की सरकार अशा वस्तूंचे मालक नसून विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव विकून खाता येत नाही, आणि त्याने तसे केले तर न्यायालयाने त्याला जाब विचारावा. त्यांनीच मसुदा केलेला पर्यावरण संरक्षण कायदा मिशिगनमध्ये जुलै १९७० मध्ये संमत झाला. स्वतःचे वैयक्तिक नुकसान झालेले नसतानाही कोणाही नागरिकाला हवा-पाण्याच्या रक्षणासाठी दावा लावण्याची मुभा त्याने दिली.

आता सव्वीस वर्षे पुढे, हिमाचल प्रदेशात या. बियास नदीच्या काठी एका मोटेलने आपल्या इमारतीला पुराचा धोका नको म्हणून नदीचा प्रवाहच वळवण्याचे काम चालवले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 'एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ' या खटल्यात १३ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. सरकार हे नदीचे विश्वस्त आहे, तिचे पात्र खासगी लाभासाठी देता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने जमिनीचा भाडेपट्टा रद्द केला आणि नदीकाठ पूर्ववत करण्याचा खर्च मोटेलवर टाकला. या निकालपत्रात न्यायालयाने जोसेफ सॅक्स यांच्या त्याच लेखाचा आधार घेतला आहे. सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व तेव्हापासून भारतीय कायद्याचा भाग बनले. आपल्या गावच्या ओढ्यावर किंवा तळ्यावर अतिक्रमण होते तेव्हा ज्या तत्त्वाच्या आधारे दाद मागता येते, त्याची एक मुळी अशी अ‍ॅन आर्बरच्या आवारात आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांची. याच विद्यापीठात विल्यम स्टॅप हे प्राध्यापक होते. आपल्या विद्यार्थ्यांबरोबर चर्चा करून त्यांनी १९६९ मध्ये 'पर्यावरण शिक्षण' या शब्दाची व्याख्या प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा: नागरिकाला आपल्या परिसराचे ज्ञान हवे, त्यातले प्रश्न सोडवायचे कसे याची जाण हवी आणि ते सोडवण्यासाठी हात लावण्याची इच्छा हवी. पुढे युनेस्कोच्या पर्यावरण शिक्षण कार्यक्रमाचे ते पहिले प्रमुख झाले. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्या वेळच्या सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे या विषयावर जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, ती याच कार्यक्रमातून.

पण स्टॅप यांची खरी परीक्षा गावातच झाली. १९८४ मध्ये अ‍ॅन आर्बरच्या ह्युरॉन हायस्कूलमधली काही मुले नदीत शिडाच्या फळीवरून खेळल्यावर काविळीने आजारी पडली. शाळेने स्टॅप यांची मदत घेतली. मुलांनी स्वतःच नदीचे पाणी तपासायला सुरुवात केली आणि त्यात विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाण जास्त आढळले. मुलांनी हे निष्कर्ष गावापुढे मांडले. त्यातून नद्यांच्या अभ्यासासाठी शाळांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे १९८९ मध्ये उभे राहिले. त्यांच्या नऊ चाचण्या ठरलेल्या होत्या: विरघळलेला ऑक्सिजन, विष्ठेतील जिवाणू, सामू, जैवरासायनिक ऑक्सिजनची गरज, तापमानातील फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घनपदार्थ.

यांतल्या दोन चाचण्या कोणतीही शाळा करू शकते: तापमान आणि गढूळपणा. आणि तापमान वाटते तेवढे साधे नाही. २० अंश सेल्सियसला एक लीटर स्वच्छ पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात पाणी मुळातच कमी श्वास घेते, त्यात प्रवाह रोडावलेला आणि सांडपाणी तेवढेच. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या नद्यांमध्ये मासे मरून तरंगतात, त्यामागे बऱ्याचदा हे गणित असते. केवळ एक तापमापी आणि एक नोंदवही घेऊन वर्षभर दर पंधरवड्याला नदीवर जाणाऱ्या मुलांना ते पाठ करावे लागणार नाही.

आपल्याकडे

आपल्या देशात पर्यावरण हा विषय सक्तीचा झाला तोही न्यायालयाच्या वाटेने. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी, पुन्हा एम. सी. मेहता यांच्याच एका याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयांतून हा विषय सक्तीने शिकवण्यास सांगितले. पुढे त्याच्या अंमलबजावणीत विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. ते व्यवसायाने शल्यचिकित्सक. शरीरातले रक्ताभिसरण ओळखणाऱ्या माणसाने नदी आणि जंगलाविषयी लिहावे, हे आम्हाला फार उचित वाटते.

पण सक्तीने तास मिळतो, गुण मिळतात. स्टॅप यांच्या व्याख्येतली तिसरी गोष्ट, म्हणजे हात लावण्याची इच्छा, परिपत्रकाने येत नाही. हे शिक्षकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

म्हणून त्या बाईंना द्यायचे उत्तर आता आमच्याजवळ आहे, उशिराने का होईना. बाई, २२ एप्रिल ही तारीख एका परक्या देशातल्या महाविद्यालयांच्या सोयीने ठरली. ती ज्यांना गैरसोयीची झाली त्यांनी बदलली, आणि काम अधिक चांगले केले. तुम्हीही बदला. ओढा भरून वाहतो तो ऑगस्टचा एखादा दिवस घ्या, किंवा तो आटू लागतो तो जानेवारीचा. मात्र तारीख आपली ठरवली की दोन गोष्टी त्यांच्याकडून घ्या. त्यांची तयारी आदल्या शरदापासून सुरू झाली होती. आणि १५ मार्चला, म्हणजे जागर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या हातात अजून काम शिल्लक होते.

आम्ही हा लेख लिहून त्या बाईंना पाठवणारच आहोत. त्यांची शाळा ओढ्यापासून फार दूर नाही, एवढे आम्हाला आठवते.